गाळलेल्या हवेचा बंब

उतारवयात मनुष्याने नवे यंत्र विकत घेऊ नये, असा स्पष्ट निषेध मला कोणत्याही शास्त्रात आढळला नाही. आढळला असता तर मी तो निश्चित पाळला असता, कारण पाळण्यातच माझे आयुष्य गेले आहे. आधी वडिलांची शिस्त पाळली, मग पाठशाळेची, नंतर कोल्हापुरातील ज्या विद्यालयात मी संस्कृत शिकवले त्याच्या घंटेची. निवृत्तीनंतर कोणती शिस्त पाळावी हे न कळल्यामुळे मी गगनबावड्याला एक छोटे घर बांधले. पुढील सर्व अनर्थाचे मूळ तेच.

घर म्हणजे बैठक, निजायची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणी. बैठकीच्या खिडकीतून दरी दिसते. धुके नसेल तेव्हा दिसते. त्या खिडकीशी दोन खुर्च्या मांडून, एकीवर मी आणि दुसरीवर माझी पत्नी विजयमाला, असे हिवाळ्याचे काही दिवस घालवावेत, मी काही वाचून दाखवावे आणि तिने ऐकावे, एवढीच माझी कल्पना होती. परंतु गेले तीन हिवाळे दुसरी खुर्ची रिकामी आहे. मी एकटाच एस.टी.ने जातो, एकट्यापुरता चहा करतो, रिकाम्या खुर्चीला दोन पाने वाचून दाखवतो आणि परत येतो. आमच्या वयाच्या माणसांच्या शोकसभा अलीकडे इतक्या होतात की सतरंजी घालणारा मुलगा मला नावाने ओळखतो. तिचे गुडघे आणि माझे डोळे चालू आहेत तोवर ती दरी दोघांनी मिळून पाहावी, यापलीकडे मला आता कोणतीही महत्त्वाकांक्षा नाही.

ती का येत नाही, याचे कारण पाणी. पहाटे गरम पाण्याने स्नान झाल्यावाचून तिचे सांधे हलत नाहीत आणि स्नानावाचून ती देवपूजेला बसत नाही. पहिल्या वर्षी आम्ही तांब्याचा बंब नेला होता. बंबात घालायचे लाकूड फोडताना आतून वाळवीचे अख्खे बिऱ्हाड निघाले. आम्ही जैन माणसे. पाणी दुहेरी फडक्याने गाळून पिणारी. विजयमालाने तो ओंडका दोन्ही हातांत धरून अंगणातल्या जांभळाखाली परत नेऊन ठेवला, वाळवीची क्षमा मागितली, थंड पाण्याने स्नान केले आणि तिचे गुडघे त्या दिवसापासून जे बिघडले ते बिघडले. पुढच्या खेपेस गॅसवर पातेले तापवले. ते न्हाणीपर्यंत वाहून नेण्याचे काम माझ्याकडे होते. मी पातेल्यासह उंबऱ्यावर घसरलो, आणि परतीचा संपूर्ण घाट एस.टी.च्या मागच्या बाकावर पालथा पडून पाहिला.

तेव्हा ती म्हणाली होती, "लाकूड जाळायचं न्हाई, पातेलं उचलायचं न्हाई, नळ सोडला की कढत पाणी आलं पाहिजे. मग येते मी गगनबावड्याला."

हे वाक्य उच्चारताना तिचा स्वर नकाराचा होता, असे मला आता वाटते. त्या वेळी मात्र मला तो अभ्यासक्रम वाटला.

पर्यायांचा विचार मी क्रमाने केला. विजेचा गीझर लावावा तर तेथील विजेचा दाब इतका क्षीण की गीझर सुरू होताच घरातील सर्व दिवे एकदम वैराग्य घेत. सूर्यावर चालणारे यंत्र बसवावे तर एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस जांभळाचे झाड. सूर्य आमच्याकडे दुपारी पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. झाड तोडण्याचा प्रश्नच नव्हता. उरला गॅसचा गीझर. त्याविषयी आमचे कोल्हापूरचे शेजारी अमरसिंहराव यांचे मत घेतले.

अमरसिंहराव वारणानगरच्या बाजूला साखर कारखान्यात यंत्रविभागात होते. आता निवृत्त आहेत. परंतु यंत्रविभागाने त्यांना सोडले तरी त्यांनी यंत्रविभागाला सोडलेले नाही. त्यांचा आवाज ऊस वाहणाऱ्या गव्हाणीच्या खडखडाटातही ऐकू जावा म्हणून घडलेला आहे आणि तो त्यांनी घरीही तसाच ठेवला आहे.

"गॅसचा गीझर?" ते कुंपणावरून ओरडले. "सर, बंद न्हाणीत माणूस गेला की बाहेर येतोय कशाचा? आमच्या साडूला दार फोडून काढला. साबण तसाच डोस्क्याला! काकींचं काय पिंडदान कराय निघालाय का काय?"

"आमच्यात पिंडदान नसते," मी म्हणालो.

"तेच म्हंतो मी. मग कशाला रिस्क?"

त्यांनीच मला हीट पंपाचे नाव सांगितले. त्यांच्या पुतण्याने कोठेतरी एका हॉटेलात पाहिला होता. आग नाही, धूर नाही, वीज थोडी, आणि पाणी कढत. मी त्या रात्री समाधानाने झोपलो. अलीकडे समाधानाने झोपलो की मला दुसऱ्या दिवशी काळजी वाटते.

वैशाखातल्या एका दुपारी मी आणि अमरसिंहराव त्या यंत्राच्या दुकानात गेलो. रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटत होते. दुकानात सम्राट नावाचा तरुण होता. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन आणि चेहऱ्यावर असा आत्मविश्वास, की मी शिकवलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर तो परीक्षेपूर्वी पाहिला असता तर मला त्याची दया आली असती.

"सर, एकदम सोपं हाय. हवेत गर्मी असती. मशीन ती गर्मी काढून घेतं आन् पाण्यात टाकतं. विषय संपला."

"म्हणजे अपहरण," मी म्हणालो.

"ट्रान्सफर, सर."

"आणि जिची उष्णता नेली त्या हवेचे पुढे काय होते?"

"ती गार पडती. ह्या बाजूनं बाहेर येती. बघा हात लावून."

मी हात लावला. त्या भाजत्या दुपारी त्या यंत्राच्या जाळीतून चंदनाचा लेप द्यावा तशी शीतल हवा येत होती. अमरसिंहरावांनी सदऱ्याची वरची गुंडी सोडून यंत्रासमोर ठाणच मांडले.

"फुकट एसी, सर!" सम्राट म्हणाला. "लोक याचे वेगळे पैशे मोजत्यात."

मला आमच्या अनेकान्तवादाची आठवण झाली. एकच वस्तू एका अपेक्षेने उष्ण, दुसऱ्या अपेक्षेने शीत. एवढा गहन सिद्धांत वीजमीटरसह आणि पाच वर्षांच्या वॉरंटीसह मिळत असेल तर तो घ्यावा, असे माझ्या मनाने घेतले. एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मी उभा होतो वैशाखात, कोल्हापुरात. आणि यंत्र जाणार होते मार्गशीर्षात, गगनबावड्याला.

यंत्रे दोन प्रकारची होती. एकात पाण्याची टाकी घरात आणि उष्णता ओढणारा पंखा बाहेर भिंतीवर. दुसऱ्यात सर्व एकत्र, उभ्या कपाटासारखे, घराच्या आत. मी घरी येऊन विजयमालाला विचारले. ती जोंधळे निवडत होती.

"बाहेर पंखा फिरणार?" तिने मान वर न करता विचारले. "दिव्याला किडे येत्यात तसे पंख्यावर आले म्हंजे? एवढं लाकूड सोडलं ते कशासाठी?"

अमरसिंहरावांना विचारले. ते म्हणाले, "बाहेर ठिवलं तर माकडं सोडतील व्हय? पाती उपटून एकमेकांस्नी वारा घालत बसतील."

सम्राटला फोन केला. तो म्हणाला, "आतच घ्या, सर. एसीचा फायदा आतच की."

पत्नी अहिंसेमुळे, शेजारी माकडांमुळे आणि विक्रेता नफ्यामुळे एकाच निर्णयाला आला. तीन भिन्न दर्शनांचे असे एकमत झाले की पंडिताने सावध व्हावे, एवढे तरी मला कळायला हवे होते. मी आतले यंत्र घेतले.

मग वीज कार्यालय. वॉरंटी हवी असेल तर घराला यंत्र झेपेल इतका वीजभार मंजूर असल्याचा दाखला लागतो, असे सम्राटने पैसे भरून झाल्यावर सांगितले. मी अर्ज केला. अर्जावर 'हीट पंप' असे शब्द होते. खिडकीमागच्या गृहस्थांनी त्यांपैकी एकच वाचला.

"विहीर का बोअर?"

"दोन्ही नाही. हवा."

"काय?"

"हा पंप हवेवर चालतो."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "बाबा, पंप म्हंजे शेती. शेतीची खिडकी पलीकडं. सातबारा आना."

मी सातबारा आणला. त्यासाठी दोनदा गगनबावड्याला गेलो आणि आलो. पलीकडच्या खिडकीवरच्या बाईंनी तो शांतपणे पाहिला. पिकाच्या रकान्यात कोणा दयाळू तलाठ्याने 'जांभूळ, एक' असे नोंदवलेले होते.

"एका जांभळाला पंप?" बाईंनी शेजारच्या टेबलाकडे वळून विचारले. तेथून कोणी म्हणाले, "पेन्शन चांगली असंल." मी आयुष्यभर वर्गात हशा झाला की छडी टेबलावर आपटत आलो. तेथे टेबल माझे नव्हते.

पावसाळाभर मी त्या दोन खिडक्यांमध्ये हिंडलो. अखेर एका साहेबांनी, मला पाहून त्यांना आपल्या वडिलांची आठवण होते असे सांगत, 'इतर' या सदराखाली दाखला दिला. मी या देशाचा एक अध्यापक, 'इतर' या सदरात मोडून बाहेर आलो.

दिवाळीच्या आधी यंत्र टेम्पोतून गगनबावड्याला पोहोचले. आमच्या घराची किल्ली शेजारच्या आकाराम नावाच्या गृहस्थांकडे असते. म्हशी, नाचणी आणि दुसऱ्यांच्या कामावर देखरेख, असा त्यांचा व्यवसाय आहे. त्यांनी यंत्राला प्रदक्षिणा घातली.

"मास्तर, हे दारातनं जायाचं न्हाय."

"मापे घेतली आहेत," मी म्हणालो. मापे खरोखर घेतली होती. उंबरा आणि चौकट मात्र मी त्यात धरली नव्हती. व्याकरणात कोणताही प्रत्यय न विसरणारा मी, चौकट विसरलो. गवंडी बोलावला, चौकट काढली, थोडी भिंतही काढली, यंत्र आत गेले, बैठकीच्या कोपऱ्यात न्हाणीच्या भिंतीला लागून उभे राहिले, आणि गवंड्याने चौकट पुन्हा बसवून सिमेंटने पक्की केली. यंत्र आता माझ्यासारखेच झाले होते. ज्या घरात होते तेथून त्याला जिवंतपणी बाहेर पडता येणार नव्हते.

सम्राटने ते चालू करून दाखवले. चौकटीचे काम चालू असल्याने घर उघडेच होते, ऊन होते, गवंडी घामाघूम झाला होता. गार वाऱ्याचे सर्वांनी कौतुक केले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तानाबाई नावाच्या एक वृद्ध बाई बँकेचे पासबुक घेऊन उभ्या राहिल्या.

"पावणं, मिशिन सुरू झालं व्हय? माजी पेन्शन काडून द्या की."

गावात एटीएम आल्याची वार्ता आकारामांनीच पसरवली होती, कारण उभे पांढरे कपाट, हिरवा दिवा आणि मास्तरांची काळजी या तिन्हीवरून त्यांना तसे वाटले. मी तानाबाईंना पुष्कळ समजावले. त्यांनी अखेर नळाखाली हात धरला, पाणी गरम लागले, आणि त्या म्हणाल्या, "पैशे न्हाईत तर न्हाईत. पर पानी चांगलं देतंय." त्या यंत्राला लाभलेली ती एकमेव निर्मळ प्रशस्ती.

मार्गशीर्षात विजयमाला आली.

ती आली हे वाक्य मी मुद्दाम एकटे ठेवले आहे. अमरसिंहरावांनी जीपमधून आणून सोडले. तिने उंबऱ्याशी क्षणभर थांबून घराकडे पाहिले, काठी भिंतीला टेकवली आणि थेट न्हाणीत जाऊन नळ सोडला. मी बाहेर उभा होतो. वाफ आली. आतून ती म्हणाली, "आलं बाई खरंच." मुलाच्या पदवीदानाच्या वेळीही मला इतके भरून आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने स्नान केले. बाहेर आली आणि बैठकीत पाऊल टाकताच उभीच राहिली.

"अहो, खिडकी उघडी हाय का?"

खिडकी बंद होती. दारही बंद होते. कोपऱ्यातले यंत्र मात्र टाकीत पुन्हा पाणी तापवण्यासाठी घुमत होते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता, आपल्याला नेमून दिलेल्या हवेतून, म्हणजे आमच्या बैठकीतून, अतिशय प्रामाणिकपणे काढून घेत होते. विजयमालाने शाल घेतली, शालीवर घोंगडी घेतली, घोंगडीवर माझा निवृत्तीच्या समारंभात मिळालेला कोट घेतला आणि खिडकीजवळच्या दुसऱ्या खुर्चीवर बसली. तीन हिवाळे मी त्या खुर्चीकडे पाहत होतो. आता तिच्यावर माझा कोटच तेवढा दिसत होता.

मी पोथी उघडली. दातांचा आवाज कोणाचा आहे हे काही वेळ कळेना. माझाच होता.

दुपारपर्यंत खोबरेलाच्या दोन बाटल्यांनी निर्णय दिला. ओसरीवर राहिलेल्या बाटलीतले तेल पातळ होते; बैठकीतल्या बाटलीतले दगड. विरजण लागले नाही. विजयमालाने दुधाचे पातेले माझ्यासमोर धरले आणि काहीही बोलली नाही. तिचे न बोलणे मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. त्यातले बारकावे मला कळतात.

अमरसिंहराव यंत्र पाहण्यासाठी मुद्दाम मुक्कामाला राहिले होते. ते बैठकीत आले, बसले, उठले.

"सर, तुमी घरात काश्मीर आणलंय की! पाणी तापतंय आन् माणसं गोठत्यात. असलं मशीन मी कारखान्यात बी बगितलं न्हाय."

"आता उपाय?"

"खिडक्या उघडा समद्या. भाईरची हवा आत घ्या. भाईर त्या मानानं लई ऊब हाय."

बाहेरच्या थंडीने घर गरम करावे, असा हा सल्ला होता आणि तो योग्य होता, यापरते खिन्न करणारे दुसरे काही मला सांगता येणार नाही. खिडक्या उघडल्या. धुके आत आले, बैठकीत फिरले, यंत्रापाशी गेले. आणि धुक्याबरोबर एक राखी रंगाचा पतंगही आला. तो यंत्राच्या जाळीकडे ओढला जाऊ लागला. मी आणि विजयमाला एकदमच उठलो. तिने गुडघे विसरून पदराने त्याला अलगद झेलले आणि बाहेर सोडले. मग माझ्याकडे वळली.

"म्हंजे तिथं लाकूड, आन् इथं हे."

मला तो क्षण सहन झाला नाही. एवढे सगळे जिच्यासाठी केले, तिने ते पहिल्याच दिवशी हिंसेत जमा करावे! मी निजायच्या खोलीत गेलो, माझे जुने धोतर काढले, त्याची दुहेरी घडी घातली आणि यंत्राच्या हवा ओढणाऱ्या जाळीवर सुतळीने घट्ट बांधले. आपण पाणी गाळून पितो. यंत्राने हवा गाळून प्यावी. विचार इतका सुसंगत होता की मला स्वतःचा अभिमान वाटला. विजयमालाने घडी दुहेरी आहे ना हे बोटाने तपासले आणि मान डोलावली. अमरसिंहराव प्रथमच काही न बोलता पाहत राहिले.

संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून आम्ही बसलो असता यंत्रातून कण्हण्यासारखा आवाज येऊ लागला. हिरवा दिवा लाल झाला. मग घंटी वाजू लागली, थांबून थांबून, शाळा भरल्यासारखी. सुतळी सोडून धोतर काढू लागलो, तर ते निघेना. जाळीवर बर्फ जमला होता आणि धोतर त्यात गोठले होते. न्हाणीत कढत पाणी, आणि भिंतीच्या अलीकडे गगनबावड्याच्या इतिहासातला बहुधा पहिला बर्फ.

"ह्यात आता कुल्फी लावा," अमरसिंहराव म्हणाले. त्यांना वाचा परत आली होती.

फोनला तेथे रेंज फक्त एस.टी.च्या थांब्यावर मिळते. सकाळी मी आणि आकाराम थांब्यावर गेलो. सम्राट त्या वेळी कागलच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याशा कारखान्यात यंत्र बसवत होता. त्याने फोटो मागितला. आकारामांनी आधीच काढून ठेवला होता. तो गावातही पुष्कळांनी पाहिलेला होता. तो पाठवला.

"सर, मशीनला काय घातलंय हे?"

"धोतर."

"का, सर?"

"हवा गाळण्यासाठी. दुहेरी आहे."

मग तो अत्यंत आदराने म्हणाला, "सर, वॉरंटीत धोतर बसत न्हाय."

थांब्यावर एस.टी.ची वाट पाहणारी माणसे होती. आकारामांनी फोन स्पीकरवर लावलेला होता. माणसे मात्र सभ्य. त्यांनी एकदम दरीकडे पाहायला सुरुवात केली.

सम्राटच्या सांगण्याप्रमाणे बर्फ आपोआप वितळू दिला. तो वितळला, बैठकभर वाहिला, सतरंजी भिजली, पोथ्यांची ट्रंक उचलून ओट्यावर ठेवावी लागली. धोतर सुटले, त्याच्या जागी विजयमालाने मच्छरदाणीचा तुकडा बांधला, ज्यातून हवा जाते आणि पतंग जात नाही. हे तिला आधीच सुचले होते काय, असे मी विचारले. "सुचलं होतं की," ती म्हणाली. "पण तुम्ही एवढ्या उमेदीनं धोतर काढलंत." यंत्र पुन्हा सुरू झाले, बैठक पुन्हा गोठू लागली. अमरसिंहराव जीप घेऊन निघाले. त्यांनी विजयमालाला विचारले, "काकी, चला म्हंतो मी. संध्याकाळपत्तूर कोल्हापुरात. कशाला हाल करून घेताय?"

मी अंगणात उभा होतो. जांभळाखाली वाळवीचा तो जुना ओंडका अजून पडलेला होता. त्याचे आता मातीशी जवळजवळ ऐक्य झाले होते. ती जाणार हे मी मनाशी पक्के केले. मी तिला अडवणार नव्हतो. ज्या घरात हाडे गोठतात तेथे कोणाला राहा म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. पोथ्या आवराव्यात म्हणून मी आत गेलो. जीपचा आवाज घाटाकडे गेला आणि धुक्यात विरला.

बैठकीत ती नव्हती. निजायच्या खोलीत, स्वयंपाकघरात नव्हती. काठी नव्हती. दुसरी खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर माझा कोट घडी करून ठेवलेला होता. मी तो उचलला. अजून ऊब होती.

"अहो," भिंतीपलीकडून आवाज आला. "दार लावून घेत इकडं या. वारा येतोय."

ती न्हाणीत होती. स्टुलावर बसली होती, भिंतीला पाठ टेकून. त्या भिंतीतून गरम पाण्याचा नळ जातो. नळ थोडासा सोडून तिने बादलीत कढत पाणी घेतले होते आणि त्यात दोन्ही पावले बुडवली होती. वाफेने न्हाणी उबदार झाली होती. संपूर्ण घरात, कदाचित संपूर्ण तालुक्यात, त्या वेळी तेवढी एकच जागा उबदार असावी.

"अमरसिंह गेले," मी म्हणालो.

"जाऊ द्या. बसा की."

मी दुसरे स्टूल आणले. सवयीने पोथीही आणली. तिने माझ्या हाताकडे पाहिले.

"न्हाणीत शास्त्र आणायलाय?"

खरेच की. मी पोथी परत ठेवून आलो. तिची जपमाळही बाहेर खुंटीला होती; तीही न्हाणीत चालत नाही. खाणेपिणे चालत नाही. धान्य निवडणे चालत नाही. आम्ही दोघे, चार हात मोकळे, समोरासमोर बसलो. विवाहानंतर आमच्यामध्ये ग्रंथ, ताट, सूप किंवा पाहुणा यांपैकी काही नाही असा प्रसंग मला आठवेना.

"मग आता काय बोलू?" मी विचारले.

"काहीबी. न्हाईतर नका बोलू." तिने बादलीतली पावले हलवली. "बाहेर तुम्ही वाचायला लागलात की मी आपली ऐकतच बसायची. इथं येऊन बसायला थंडीचं निम्मं निमित्तच हो."

अशा वाक्यावर भाष्य न करण्याची माझ्या वयाची प्रथा मोडावी असे वाटले नाही. मीही पावले बादलीत बुडवली. तेवढी जागा होती.

मग ती बोलू लागली. माहेरच्या विहिरीविषयी, एका मैत्रिणीविषयी जिचे नाव मी प्रथमच ऐकत होतो, विद्यालयातल्या माझ्या एका मुख्याध्यापकांविषयी, ज्यांच्या टोपीवरून ती आणि त्यांची पत्नी वर्षभर हसत होत्या. मी ज्यांना फार आदराने पाहिले त्यांच्या टोपीचे असे काही होते, हे मला कळले नव्हते. न्हाणीच्या भिंतीत उंचावर एक लहान झरोका आहे. त्यातून धुक्याची एक पट्टी दिसत होती, आणि मध्येच, धुके हलले की, दरीचे एक हिरवे बोट. पाहायचे तर उठून टाचा उंचवाव्या लागत. आम्ही दोघेही उठलो नाही.

पुढचे सर्व दिवस आम्ही तेथेच होतो. आमच्या विश्रांतीच्या घराची बैठक, निजायची खोली आणि स्वयंपाकघर मोकळे पडले होते आणि घरमालक न्हाणीत राहत होते. आकाराम एकदा दूध घेऊन आले, घरभर हाका मारल्या, आणि न्हाणीतून दोन आवाज एकदम आल्यावर दूध ओसरीवर ठेवून निघून गेले. गावात त्याचे काय झाले याची मी चौकशी केली नाही.

शेवटच्या दिवशी सम्राट आला. त्याने यंत्र पाहिले, मच्छरदाणी पाहिली, बैठकीत उभे राहून हात चोळले आणि म्हणाला, "सर, माझंच चुकलं म्हना. मी मे महिन्यात विकलं. एक काम करू. भिंत फोडू, मशीन बाहेर काढू, ओसरीला शेड मारू. घर एकदम गरम होईल बघा."

भिंत फुटेल, धूळ उडेल, पुन्हा गवंडी, पुन्हा खिडक्या, पुन्हा अर्ज. तरीही मी होकार देणारच होतो. मी विजयमालाकडे पाहिले. ती काठी टेकत न्हाणीच्या दारापर्यंत गेली आणि वर झरोक्याकडे बघत राहिली.

"मशीन राहू द्या आतच," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी येईपर्यंत एवढी खिडकी तेवढी मोठी करून घ्या."

सम्राटला काही कळले नाही. तो माझ्याकडे पाहू लागला. आमच्या वयात 'पुढच्या वर्षी' हे शब्द कोणी सहज उच्चारत नाही, आणि उच्चारले तर ऐकणाऱ्याने त्यांची शहानिशा करू नये. मी मान डोलावली.

गवंड्याला सांगून ठेवले आहे. खिडकीचे माप मी स्वतः घेतले, या वेळी चौकटीसह. ती उंच नको, असे त्याला दोनदा बजावले. स्टुलावर बसल्या बसल्या दरी दिसली पाहिजे.